लोहाची लाल गोळी आणि परळची गोष्ट



घरात सून किंवा लेक गरोदर असली की तिच्या औषधांच्या डबीत दोन गोळ्या हमखास असतात. पहिली फॉलिक ॲसिडची, छोटीशी, पिवळसर. दुसरी चौथ्या महिन्यापासूनची, लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र असलेली. सरकारी दवाखान्यातली ही गोळी लाल असते, म्हणून आशाताई आणि बायका तिला सरळ ‘लाल गोळी’ म्हणतात. ती फुकट मिळते, आणि फुकट मिळते म्हणूनच की काय, तिची फारशी किंमत राहत नाही. डबीत राहते, कपाटात राहते, नाहीतर कुंडीत जाते.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले आणि पुढची चाळीस वर्षं घरच सांभाळलं. पण कुठलाही आकडा दिसला की तो आला कुठून हे बघायची सवय त्या शिक्षणाने लावली, ती गेली नाही. म्हणून या गोळीचं मूळ शोधत गेले. त्याचा मोठा धागा आपल्या मुंबईत, परळला सापडतो. तोच आज सांगते.

आधी लोहाचं बघू, कारण ते जुनं आहे. अंगातलं रक्त कमी होऊन माणूस फिकट पडतो हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. आयुर्वेदात त्याला पांडुरोग म्हणतात. चरकसंहितेत त्यावर वेगळा अध्याय आहे आणि लोह व मंडूर घातलेली औषधं सांगितली आहेत. युरोपात सतराव्या शतकात सिडनहॅम नावाचे डॉक्टर फिकट पडलेल्या मुलींना मद्यात भिजवलेला लोखंडाचा कीस देत. पुढे 1832 मध्ये ब्लॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी लोहाच्या क्षारापासून गोळी केली. ‘ब्लॉच्या गोळ्या’ शंभर वर्षं जगभर विकल्या गेल्या. म्हणजे लोखंडाने रक्त वाढतं हे पूर्वेलाही माहीत होतं, पश्चिमेलाही. आपल्या आज्या लोखंडी कढईत भाजी करायच्या आणि बाळंतिणीला अळिवाचे लाडू द्यायच्या, ते काही उगीच नाही.

पण काही गरोदर बायकांचं रक्त लोह देऊनही वाढत नसे. त्या दिवसेंदिवस फिकट होत, धाप लागे, पायांवर सूज येई, आणि बाळंतपणाच्या आगेमागे त्यातल्या कितीतरी जणी जात. असं का होतं, ते कोणालाच कळत नव्हतं. या बायका मुंबईत बऱ्याच होत्या.

1928 सालची मुंबई डोळ्यांपुढे आणा. गिरण्यांचं शहर. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने गिरणी कामगारांचा संप चालला होता. गिरण्यांत हजारो बायका काम करत, आणि बाळंतपणासाठी पगारी सुट्टी हा त्यांचा हक्क नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. असा कायदा देशात पहिल्यांदा आपल्याकडे झाला. बाळंतपणात बायका का मरतात हा प्रश्न तेव्हा कुठे दारापर्यंत आला होता.

त्याच सुमारास मातामृत्यूंची चौकशी सुरू झाली. भारतात अनेक वर्षं बायकांसाठी काम केलेल्या डॉ. मार्गारेट बालफोर तिच्यात होत्या. गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला त्यांनी लंडनहून एका डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं. त्यांचं नाव ल्युसी विल्स.

विल्सबाईंचा जन्म 1888 चा, इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या, 1911 मध्ये परीक्षा झाल्या, पण पदवी मिळाली नाही. का? तर केंब्रिज विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. ती 1948 पासून द्यायला लागलं! पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या, तिथे त्यांनी रुग्णसेवा केली. मग लंडनला बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून 1920 मध्ये डॉक्टर झाल्या. लग्न केलं नाही. डोंगर चढायच्या आणि मोटारीपेक्षा सायकल बरी म्हणायच्या. चाळिशीच्या या बाई 1928 मध्ये भारतात आल्या आणि 1933 पर्यंत येऊन-जाऊन इथेच राहिल्या.

त्यांचं काम चालायचं हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. परळची ही इमारत म्हणजे गव्हर्नरचा जुना बंगला. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिनांनी 1899 मध्ये तिथे प्रयोगशाळा थाटली, आणि 1925 मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. जवळच 1926 मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं होतं. एकीकडे बायका, दुसरीकडे प्रयोगशाळा, आणि मध्ये चालत जाण्याएवढं अंतर.

बाईंनी सुरुवात कशाने केली? जेवणाच्या ताटापासून. मला हे फार आवडलं. त्यांच्याबरोबर इथल्या सहकारी होत्या, शकुंतला तळपदे आणि माणेक मेहता. 1930 मध्ये छापलेल्या शोधनिबंधांवर विल्सबाईंच्या जोडीला यांचीही नावं आहेत. मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या, वेगवेगळ्या ऐपतीच्या बायका काय खातात, कुठे राहतात, याची पाहणी त्यांनी केली. खात्यात तूट आली की आपण आधी रोजची चोपडी उघडतो ना, तसंच हे. पाहणीत दिसलं की हा आजार गरीब घरांत जास्त, त्यातही गोषात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायकांत सर्वांत जास्त. त्यांच्या ताटात हिरवा भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नसे.

एखाद्या जंतूमुळे हे होतं का, तेही त्यांनी तपासून पाहिलं. तसं काही सापडलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली या बायकांच्या लाल पेशी मात्र वेगळ्या दिसत. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, पण संख्येने फार थोड्या. अशा मोठ्या पेशी ‘पर्निशस ॲनिमिया’ नावाच्या दुसऱ्या एका आजारात दिसतात. 1926 मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी त्यावर उपाय शोधला होता, रोज भरपूर लिव्हर खायला द्यायचं. त्यासाठी त्यांना 1934 मध्ये नोबेलही मिळालं. लिव्हर म्हणजे प्राण्याचं यकृत. आपल्या घरातली बाई जीव गेला तरी ते तोंडात घेणार नाही, आणि गरीब घरात ते रोज परवडणारही नाही. मुंबईसाठी दुसरं काहीतरी हवं होतं.

ते सापडलं एका बरणीत. इंग्लंडात मार्माइट नावाचा काळपट, खारट, चिकट पदार्थ पावाला लावून खातात. तो यीस्टचा अर्क असतो. बिअर करताना उरलेल्या यीस्टपासून तो बनवतात, म्हणून स्वस्त. विल्सबाईंनी तो आधी प्राण्यांवर आणि मग या बायकांवर वापरून पाहिला. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या लाल पेशी दिसू लागल्या. भूक लागू लागली, अंगात ताकद आली, आणि मरणाच्या दारात गेलेल्या बायका उठून बसल्या. 20 जून 1931 च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये नक्की काय आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. त्या अनोळखी गोष्टीला पुढे लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हे प्रयोग उंदरांवर झाले, माकडांवरही झाले. माकडाला मुंबईच्या गरीब बाईसारखंच निकृष्ट अन्न देऊन आजारी पाडलं गेलं आणि मग मार्माइट देऊन बरं केलं गेलं. उंदरांच्या प्रयोगात तर पुढे कळलं की त्यांचं रक्त कमी झालं होतं ते उवांमधून आलेल्या जंतूमुळे. म्हणजे त्या जिवांनी सोसलं, आणि त्यातून जे वाटलं होतं ते सिद्धही झालं नाही. अहिंसा मानणाऱ्या बाईला हे वाचताना गलबलून येतं. पण मग ती गोळी घ्यायची नाही का? मला तसं वाटत नाही. जे झालं ते आपल्याला पुसता येत नाही. त्या ज्ञानातून आज दोन जीव वाचत असतील, आई आणि पोटातलं बाळ, तर ती गोळी कुंडीत टाकून आपण कुठल्या जिवावर दया करतो? उलट ज्यांच्या वेदनेतून ती आली त्यांची आठवण ठेवून ती घ्यावी. माझी समजूत ही. कोणाची वेगळी असेल तर तिचा मान आहेच.

आता पुढची गोष्ट. लंडनला परतल्यावर विल्सबाईंनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. लिव्हरचा जो शुद्ध केलेला अर्क पर्निशस ॲनिमियावर चालतो, तो या गरोदर बायकांच्या आजारावर चालत नाही. म्हणजे दोन्हीकडे पेशी मोठ्याच दिसत असल्या तरी कमतरता दोन वेगळ्या वस्तूंची आहे. तिकडे जी कमी होती ती बी-12 म्हणून 1948 मध्ये हाती लागली. इकडे जी कमी होती ती आपली फॉलिक ॲसिड. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

फॉलिक ॲसिड हे नाव कुठून आलं? 1941 मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या मिचेल, स्नेल आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी चार टन पालक आणून त्यातून हा पदार्थ चिमूटभर वेगळा काढला. चार टन म्हणजे चार हजार किलो पालक! लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान, त्यावरून फॉलिक. तो कारखान्यात करता आला 1945 मध्ये, आणि तिथेही आपला माणूस होता. आंध्रातल्या भीमवरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. 1923 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालच्या चमूने फॉलिक ॲसिड तयार केलं. त्यांचा भाऊ स्प्रू या आतड्याच्या आजाराने गेला होता, स्वतः तेही त्यातून कसेबसे वाचले होते. स्प्रूमध्येही फॉलिक ॲसिडची कमतरता होते. घरातलं दुःख माणसाला कुठवर नेतं बघा.

आता लोह आणि फॉलिक ॲसिड दोन्ही हाती होते. फॉलिक ॲसिडचा दुसरा उपयोग कळायला आणखी वीस वर्षं गेली. 1965 मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलच्या हिबर्डबाई आणि स्मिथेल्स यांनी लक्षात आणून दिलं की ज्या बाळांच्या पाठीचा कणा किंवा डोकं नीट बंद झालेलं नसतं, त्यांच्या आयांमध्ये फॉलिक ॲसिडची गडबड जास्त आढळते. यावर वाद खूप झाले. मग मोठी चाचणी झाली, सात देशांत 33 ठिकाणी, 1,817 बायकांवर. या सगळ्यांना आधी एकदा असं बाळ झालेलं होतं. 1991 मध्ये निकाल आला की फॉलिक ॲसिड घेतल्याने पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली.

बाळाची ही मज्जानळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते. त्या वेळी बाईला दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिड मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायचं असतं, रोज 400 मायक्रोग्रॅम. पाळी चुकल्यावर सुरू केलं तर त्या कामासाठी उशीर झालेला असू शकतो. लग्न ठरलेल्या मुलींना हे सांगायला हवं. आपण त्यांना साड्या, दागिने, पाककृती सगळं सांगतो, हे मात्र राहून जातं.

आपल्या सरकारने गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या द्यायला 1970 मध्ये सुरुवात केली. नंतर कार्यक्रमाची नावं बदलली, मात्रा बदलली. 2018 पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ आहे. त्यात चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. आता हिशेब बघा. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं. आणि 180 दिवस गोळ्या खरोखर घेतलेल्या आया होत्या फक्त 26 टक्के. वाटप आहे, खप नाही! दुकान असतं तर मालक विचारात पडला असता.

का घेत नाहीत? आमच्या वेळची कारणं मी कानांनी ऐकली आहेत. ‘गोळ्यांनी बाळ काळं होतं.’ ‘बाळ मोठं होतं, मग बाळंतपण अवघड जातं.’ ‘शौचाला काळं होतं, म्हणजे गोळी बाधते.’ माझ्या सासूबाई जीव लावणाऱ्या, पण गोळ्यांच्या बाबतीत त्यांचंही मत हेच. 1984 मध्ये माझ्या थोरल्याच्या वेळी आमच्या चाळीच्या गॅलरीतल्या कुंड्यांना लाल गोळ्यांचं खत मिळत असे, कोण टाकतं हे कोणी विचारत नसे. बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो, त्याचा गोळीशी संबंध नाही. शौच काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळे, घाबरायचं कारण नाही. मळमळ आणि बद्धकोष्ठ मात्र खरंच होतं. त्यावर डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ किंवा प्रकार बदलता येतो.

इतकं लोह लागतंच कशाला, असंही विचारतात. गरोदरपणात रक्तातलं पाणी जवळजवळ निम्म्याने वाढतं, लाल पेशी तेवढ्या वाढत नाहीत, म्हणून रक्त पातळ होतं. बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त मिळून सगळ्या गरोदरपणात सुमारे एक ग्रॅम लोह जास्तीचं लागतं. एक ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. पण भाजी-डाळीतलं लोह अंगी लागतं ते फार थोडं. आधीच शिल्लक कमी असलेल्या खात्यातून एवढी उचल झाली तर खातं रिकामंच होणार.

आता आपल्या घरांपुरतं. चातुर्मासात आपण पालेभाजी सोडतो, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी खात नाही. नियम सोडा असं मी म्हणणार नाही. पण फॉलिक ॲसिड फक्त पानांत नसतं. मूग, हरभरा, उडीद, चवळी यांत ते भरपूर असतं. कडधान्याच्या उसळीवर लिंबू पिळा, लिंबामुळे लोह जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी मात्र लोहाला अडवते, म्हणून जेवणाला आणि गोळीला लागून चहा नको. कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर नको, मध्ये काही तास जाऊ द्या. डॉक्टर पुष्कळदा ‘रात्री जेवल्यावर घ्या’ लिहून देतात. चौविहार करणारी सून संकोचून बोलत नाही आणि गोळी राहून जाते. सरळ विचारा, दुपारच्या जेवणानंतर तासाभराने चालेल का? बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. कॅप्सूलचं जिलेटिन नको असेल तर तेही आधीच सांगा, साध्या गोळ्या मिळतात. आणि गरोदर बाईने उपवास-एकासणं करावीत की नाही हे ठरवताना घरातल्या मोठ्यांनी पुढे होऊन ‘यंदा राहू दे’ म्हणावं. ती स्वतः म्हणणार नाही.

आणि तो बी-12 चा फरक. बी-12 वनस्पतींत नसतं, आपल्याला ते दूध-दह्यातून मिळतं, तेही बऱ्याचदा अपुरं. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहू शकतं. म्हणून शाकाहारी घरातल्या सुनेची हिमोग्लोबिनबरोबर बी-12 ची तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्या.

विल्सबाई 1947 मध्ये लंडनच्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या. युद्धाच्या काळातही, रेशनचं अन्न खाणाऱ्या गरोदर बायकांना लोह देऊन काय फरक पडतो याचा अभ्यास त्यांनी चालू ठेवला होता. 1964 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचा फॅक्टरही उरला नाही, कारण त्याला पालकाच्या पानाचं नाव मिळालं. परळच्या खाटांवरच्या त्या बायकांची नावं तर कुठेच नाहीत. कोणाच्या घरी कोण वाट बघत होतं, बरी होऊन किती जणी घरी गेल्या, आणि मार्माइट येण्याआधी किती गेल्या. त्यांच्या रक्ताच्या एकेका थेंबावरून आज आपल्याला कळलं की ताटात काय कमी होतं.

सुनेच्या डबीतल्या गोळ्या आज संध्याकाळी एकदा मोजून बघा. जेवढे दिवस झाले तेवढ्या कमी झाल्या आहेत ना? नसतील तर रागवू नका. जवळ बसवून का राहिल्या ते विचारा, आणि उद्यापासून पाण्याचा पेला स्वतः तिच्या हातात द्या.

जय जिनेंद्र.